गाडगे महाराजांचे कीर्तन : विनोद, गजर आणि श्रद्धेचा हिशेब

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• गाडगे महाराजांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
• पारंपरिक कीर्तन आणि गाडगे महाराजांचे कीर्तन यांतील साम्य व भेद स्पष्ट करता येईल;
• त्यांच्या कीर्तनातील विनोद, संगीत आणि श्रद्धाचिंतन यांचा परस्परसंबंध उलगडून दाखवता येईल;
• त्यांच्या कीर्तनामागे कोणते जीवनानुभव होते, याचे विवेचन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो,

कीर्तन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवळाचा सभामंडप, मृदंगाची थाप, टाळकऱ्यांच्या रांगा आणि मध्यभागी उभे असलेले बुवा येतात. कीर्तन हा भक्तीचा प्रकार आहे, तसाच तो सादरीकरणाचाही प्रकार आहे. त्यात कथा असते, गाणे असते, अभिनय असतो आणि पेंगणाऱ्या श्रोत्याला जागे करणारा विनोदही असतो. नाटक मंडळ्यांचे दौरे सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी खेड्याला रात्र रात्र खिळवून ठेवण्याचे काम कीर्तन, भारूड, लळित आणि तमाशा यांनी केले आहे.

या परंपरेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक विलक्षण कीर्तनकार होऊन गेला. त्याच्याजवळ पोथी नव्हती, गादी नव्हती, बिदागीची अट नव्हती. तो सकाळी गावात येई, दिवसभर गाव झाडी आणि रात्री त्याच गावाला हसवत, गाववत, विचार करायला लावत उभा राही. लोकांनी त्याला अनेक नावे दिली. कुठे गोधडेबाबा, कुठे चिंधेबाबा, कुठे लोटकेमहाराज. त्यांपैकी गाडगे महाराज हे नाव टिकले.

तुमच्या विद्यापीठाचे मुख्यालय ज्या नाशिकमध्ये आहे, तेथे गोदावरीवरील एका पुलाला गाडगे महाराजांचे नाव आहे आणि त्यांची धर्मशाळाही या शहरात आहे. ज्या नदीच्या काठी श्राद्ध, मुंडन, तीर्थस्नान आणि सिंहस्थ यांची परंपरा शतकानुशतके चालत आली, त्याच नदीच्या काठी या सर्व कर्मकांडावर हसत हसत प्रश्न करणाऱ्या कीर्तनकाराचे नाव असावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. ज्यांच्या समजुतींची हा माणूस थट्टा करी, तेच लोक कोसभर चालत त्याच्या कीर्तनाला का येत? या घटकात आपण त्यांचे जीवन या एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ डेबूजीची जडणघडण

गाडगे महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी सध्याच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी हे दारूच्या व्यसनात सापडले आणि डेबूजी लहान असतानाच त्यांचा मृत्यू झाला. आई सखुबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळील दापुरे या गावी आली. तेथे मामांच्या घरी डेबूजी वाढला. गुरे राखणे, नांगर धरणे, पेरणी, राखण, मळणी ही त्याची शाळा. अक्षरओळख त्याच्या वाट्याला आली नाही.

मामांची शेती चांगली होती, परंतु ती सावकाराच्या कर्जात अडकली. घरात कोणाला लिहितावाचता येत नव्हते. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी लागते आणि कागदावर काय लिहिले आहे हे पाहूनच अंगठा उमटवावा लागतो, हे कळेपर्यंत जमीन हातची गेली होती. या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबूजीने त्यांना कसा विरोध केला, याचे वर्णन चरित्रकारांनी तपशिलाने केले आहे.

१८९२ मध्ये डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांनी रूढीप्रमाणे मटण आणि दारूची अपेक्षा धरली होती. डेबूजीने त्यांच्यापुढे गोडाचे जेवण मांडले. जात रागावली, पण तो बधला नाही. ज्या दारूने वडील नेले, ती मुलीच्या बारशाला वाढायची नाही, एवढा सरळ विचार त्यामागे होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दारू, कर्ज, निरक्षरता, सणावारी होणारी पशुहत्या आणि जातीच्या धाकाने केलेला खर्च हे पाचही विषय गाडगे महाराजांच्या कीर्तनात पुढे पुन्हा पुन्हा येतात. ते त्यांना कोणत्याही ग्रंथातून मिळाले नव्हते. वयाच्या पंचविशीपर्यंत ते सगळे त्यांच्याच घरात घडून गेले होते.

५.२.२ गृहत्याग आणि भ्रमंती

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. मागे आई, पत्नी आणि मुले होती. पुढील सुमारे बारा वर्षे तो अनवाणी हिंडला. गावोगावच्या वाटा, घाट, देवळे, धर्मशाळा, यात्रा आणि स्मशाने त्याने पाहिली. मिळेल ते काम केले आणि मिळेल ती भाकर खाल्ली. लोक ज्याला साधना म्हणतात, ती त्याच्या बाबतीत लोकांचे जगणे जवळून पाहण्याची साधना ठरली.

याच काळात त्यांचा तो प्रसिद्ध वेश सिद्ध झाला. अंगावर वेगवेगळ्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. हे गाडगे उन्हात डोक्यावर टोपीसारखे बसे आणि भूक लागली की त्यातच भाकरी व कालवण घेता येई. या गाडग्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव पडले.

रंगभूमीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने या वेशाकडे निराळ्या नजरेनेही पाहावे. भगवी वस्त्रे, जटा किंवा भस्म पाहिले की श्रोता आधीच हात जोडतो आणि हात जोडलेला माणूस प्रश्न विचारत नाही. चिंध्या नेसलेल्या, कानात कवडी अडकवलेल्या माणसाकडे पाहून प्रथम हसू येते. श्रोता आणि वक्ता यांच्यातील अंतर तोंडून शब्द निघण्यापूर्वीच संपलेले असते. गाडगे महाराजांनी हा परिणाम योजून साधला असेल किंवा नसेल, परंतु त्यांच्या कीर्तनाची पहिली ओळ त्यांचा वेशच बोलत असे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१) गाडगे महाराजांच्या कीर्तनातील विषय त्यांच्या कौटुंबिक अनुभवांशी कसे जोडलेले आहेत?
२) त्यांच्या वेशाचा श्रोत्यांवर कोणता परिणाम होत असावा?

५.२.३ कीर्तनाची रात्र

पारंपरिक नारदीय कीर्तनाची रचना तुम्हाला परिचित आहे. आरंभी नमन, मग एखाद्या अभंगावर किंवा पदावर तात्त्विक निरूपण करणारा पूर्वरंग, मध्ये नामगजर, त्यानंतर पुराणातील अथवा संतचरित्रातील आख्यान रंगवणारा उत्तररंग आणि शेवटी आरती. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणासाठी घेतला जातो आणि टाळकऱ्यांच्या साथीने त्याचा विस्तार केला जातो. दोन्हींत वक्ता जाणता असतो आणि श्रोता ग्रहण करणारा असतो.

गाडगे महाराजांनी या रचनेतून दोनच गोष्टी जशाच्या तशा ठेवल्या. एक नामगजर आणि दुसरी संतवचने. तुकोबांचे अभंग आणि कबीराचे दोहे त्यांच्या मुखी होते. ऐकून ऐकून पाठ झालेली ही संपत्ती ते गरज पडेल तेथे वापरत. बाकी सर्व सांगाडा त्यांनी बदलला. पोथीतील कथेची जागा गावातील घटनेने घेतली. संस्कृतप्रचुर निरूपणाची जागा वऱ्हाडी बोलीतील संवादाने घेतली. सर्वांत मोठा बदल असा की, ज्याने ऐकायचे त्या श्रोत्यालाच त्यांनी बोलायला लावले.

कीर्तनाची तयारी मात्र दिवसा सुरू होई. गावात शिरताच महाराज खराटा हाती घेत. वेशीपासून देवळापर्यंतचा रस्ता, चावडीसमोरची जागा, पाणवठ्याभोवतीची घाण ते स्वतः झाडू लागत. पाहता पाहता मुले जमत, मग तरुण येत, मग म्हातारेकोतारेही हात लावत. संध्याकाळी जेथे कीर्तन व्हायचे, ती जागा श्रोत्यांनीच दिवसा स्वच्छ केलेली असे. म्हणजे रात्री समोर बसलेला समुदाय आधीच एका कामात भागीदार झालेला असे. कीर्तनातील हितोपदेश लोकांनी खाली मान घालून ऐकून घेतला, याचे एक कारण या दिवसाच्या श्रमात आहे. सांगणाऱ्याने आधी स्वतः केले आहे, हे सर्वांनी पाहिलेले असे.

रात्री गॅसबत्तीच्या उजेडात महाराज उभे राहत. गोपालाच्या नामाचा साधा, दोन-चार शब्दांचा गजर ते सुरू करत. त्याची चाल इतकी सोपी होती की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ती लगेच म्हणता येई. हजारो लोक टाळ्यांच्या ठेक्यावर तो उचलून धरत. मध्येच महाराज थांबत आणि एखादा प्रश्न टाकत. लोक एका सुरात उत्तर देत. उत्तरातून नवा प्रश्न निघे. हशा पिकू लागे. हसता हसता एखादा प्रश्न असा येई की हसू ओठावरच थांबे. त्या शांततेत क्षणभर थांबून महाराज पुन्हा गजर सुरू करत.

गजराचे हे स्थान नीट समजून घ्या. पारंपरिक कीर्तनात गजर भक्तिभाव वाढवतो. येथे तो आणखी एक काम करतो. श्रोत्याच्या मनातील एखादी जुनी समजूत हलली की तो अस्वस्थ होतो. अशा वेळी त्याला एकटे न सोडता सर्वांबरोबर पुन्हा गायला लावले, तर तो उठून जात नाही. ज्या समुदायासमोर त्याची चूक उघडी पडली, त्याच समुदायाच्या सुरात त्याचा सूर पुन्हा मिसळतो. विनोदाने दुखावलेले संगीताने सावरण्याची ही रीत होती.

५.२.४ विनोदाची रीत

गाडगे महाराजांचा विनोद शाब्दिक कोट्यांचा नव्हता. तो हिशेबाचा विनोद होता. शेतकरी, मजूर, बलुतेदार यांना रोज करावा लागणारा व्यवहार ते समोर मांडत आणि श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टी त्याच मापाने मोजत.

देव सर्वांचे रक्षण करतो, असे सगळे मान्य करत. मग महाराज विचारत की, देवाला अंघोळ कोण घालते, त्याला वस्त्र कोण नेसवते, संध्याकाळी दिवा कोण लावते आणि नैवेद्य कुत्र्याने पळवू नये म्हणून काठी घेऊन कोण बसते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच येई, की हे सारे माणूस करतो. शेवटी कोण कोणाला सांभाळतो, हे सांगायची वेळच येत नसे. लोक आपणहून हसत. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नौका पूजेने वर येते, हे ऐकणाऱ्यांना ते महायुद्धात समुद्रात बुडालेल्या जहाजांची आठवण करून देत आणि तीही एखाद्या पूजेने वर काढता येतील का, असा भाबडा प्रश्न करत. नवसाला बकरे कापणाऱ्यांना ते विचारत की, जी देवी सर्वांची आई आहे, ती बकऱ्याची कोण लागते.

या विनोदाची तीन वैशिष्ट्ये तुम्ही नोंदवून ठेवा.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे अज्ञानाची भूमिका. महाराज स्वतःला अडाणी म्हणवत. आपल्याला काही कळत नाही, म्हणून विचारतो, असा त्यांचा पवित्रा असे. त्यामुळे श्रोत्याला आपल्यावर कोणी चढाई करतो आहे असे वाटत नसे. उत्तर देताना तो स्वतःच स्वतःच्या समजुतीची उलटतपासणी करत असे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे विनोदाची दिशा. दारू पिणारा, कर्ज काढून लग्न करणारा, मुलाला शाळेत न पाठवणारा हे कीर्तनातील विनोदी पात्र असे, परंतु त्या पात्राला कोणाचेही नाव नसे. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते शेजाऱ्याचे वर्णन वाटे आणि थोड्या वेळाने स्वतःचे. शिवाय या चित्रणात तुच्छता नव्हती. आपल्या वडिलांसारखीच ही माणसे आहेत, हे सांगणाऱ्याला ठाऊक होते.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे विनोदाच्या शेवटी येणारा कृतीचा आग्रह. जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोला हलके लुगडे घ्यावे, पण मुलाला शिकवल्याशिवाय राहू नये, अशा आशयाचे त्यांचे सांगणे असे. कर्ज काढून सण करू नये, देवापुढे मुका जीव कापू नये, माणसाला शिवाशिव पाळू नये, हे सर्व ते हशा ओसरल्यानंतरच्या शांततेत सांगत.

येथे तुलनेसाठी एक मुद्दा लक्षात घेता येईल. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेने पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा घाट घेऊन त्यात नवा आशय भरला. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. जलशाने तमाशाचा फड वापरला, तर गाडगे महाराजांनी कीर्तनाचा मांडव वापरला. जलसा धर्मव्यवस्थेला उघड आव्हान देई. गाडगे महाराज देवाच्या नामाचा गजर करत करत तेथे पोहोचत. मार्ग वेगळे होते, परंतु गाणे आणि हसू यांच्या साहाय्याने अक्षरशत्रू समाजाशी विचारांची देवघेव करता येते, ही दोघांचीही धारणा होती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१) गाडगे महाराजांच्या कीर्तनात नामगजर कोणते कार्य करतो?
२) अज्ञानाची भूमिका घेतल्याने कीर्तनकाराला काय साधता येते?

५.२.५ यात्रेतील माणूस : पंढरपूर ते नाशिक

तीर्थक्षेत्रातील देवाविषयी एवढे प्रश्न करणारा माणूस तीर्थक्षेत्री कशाला जाईल, असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात गाडगे महाराज यात्रा चुकवत नसत. पंढरीच्या वारीला ते नेमाने जात. लाखो वारकरी विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत उभे असताना महाराज वाळवंटातील घाण उचलत. रात्री त्याच वाळवंटात त्यांचे कीर्तन रंगे.

यात्रा म्हणजे काय, याचे त्यांनी आपल्या डोळ्यांनी निरीक्षण केले होते. दूरवरून पायी आलेला गरीब माणूस नदीकाठी उघड्यावर झोपतो, पावसात भिजतो, मिळेल ते पाणी पितो आणि पटकीच्या साथीत सापडतो. ओळखीच्या, ऐपतीच्या यात्रेकरूला तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात जागा मिळते. ज्याच्याजवळ दक्षिणा नाही, त्याला ती मिळत नाही आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर कोणीच दारात उभे करत नाही. देवाच्या गावी माणसाचे होणारे हे हाल गाडगे महाराजांना सर्वांत मोठा अधर्म वाटला.

म्हणून कीर्तनातून मिळालेला पैसा त्यांनी धर्मशाळांकडे वळवला. विदर्भात पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधून घेतला. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मराठा धर्मशाळाही तेथेच झाली. देहू, आळंदी, त्र्यंबकेश्वर, नाशिक अशा ठिकाणी गरीब यात्रेकरूला हक्काने उतरता येईल, अशा वास्तू त्यांच्या प्रेरणेने झाल्या. जातवार वेगवेगळ्या धर्मशाळा बांधाव्या लागल्या, यात त्या काळाची मर्यादा दिसते. जातिभेदाविरुद्ध बोलणाऱ्या माणसालाही बांधकाम मात्र आहे त्या समाजातच करावे लागते. तरीही संत चोखामेळ्याच्या नावाने पंढरपुरात पक्के छप्पर उभे राहिले, याचे मोल कमी होत नाही. पुढे १९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

नाशिकचा विचार याच संदर्भात करा. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी, श्राद्धासाठी, पर्वकाळच्या स्नानासाठी लोक दूरवरून येतात. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दार कोणासाठी उघडावे, हा प्रश्न सत्याग्रहींनी विचारला. देवळाच्या गावी आलेल्या माणसाच्या निवाऱ्याचे काय, हा प्रश्न गाडगे महाराजांनी विचारला आणि गोदाकाठच्या या शहरात धर्मशाळेच्या रूपाने त्याचे एक उत्तर उभे केले. त्यांच्या कीर्तनात ज्या देवाचा शोध चालू असे, तो त्यांना दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसात सापडला होता. यात्रा मोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. यात्रेला आलेला माणूस परत जाताना आरोग्याने, कर्जाविना आणि थोडा शहाणा होऊन जावा, एवढेच त्यांना हवे होते.

आता प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता येईल. ज्यांच्या समजुतींची थट्टा केली जाई, ते लोक परत परत येत, कारण थट्टा करणारा हाच माणूस त्यांच्या पाठ टेकण्याची सोय पाहत असे. कीर्तनातील हसू आणि धर्मशाळेची भिंत यांना वेगळे करता येत नाही.

५.२.६ घर आणि लोक : एक अवघड प्रश्न

थोर व्यक्तीचे चरित्र अभ्यासताना तिच्या जीवनातील अवघड जागा टाळू नयेत. गाडगे महाराजांच्या जीवनातही अशी एक जागा आहे. बायकामुलांना उपाशी ठेवून देवधर्म करू नका, असे लोकांना सांगणाऱ्या या माणसाने आपले घर मात्र सोडले होते.

त्यांनी लोकांकडून मिळालेल्या पैशाला स्वतः हात लावला नाही. संस्थांचा कारभार त्यांनी विश्वस्तांकडे दिला. आपल्या नावावर काही ठेवले नाही आणि आपल्या नातलगांनी या संस्थांचा लाभ घेऊ नये, असा कडक दंडक घातला. धर्मशाळा हजारोंना निवारा देत होत्या, तेव्हा त्यांची पत्नी व मुली यांना साध्या झोपडीत राहावे लागे. सार्वजनिक पैशाविषयीची ही निष्ठा दुर्मीळ आहे. तिची किंमत कुंताबाईंनी आणि मुलांनी मोजली, हेही तितकेच खरे आहे. १९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद याचे निधन झाले. ही वार्ता महाराजांना परगावी कीर्तन चालू असताना समजली आणि त्यांनी कीर्तन अर्धवट सोडले नाही, असे चरित्रकार सांगतात.

या प्रसंगाकडे काही अभ्यासक वैराग्याची कसोटी म्हणून पाहतात. दुसऱ्या बाजूने, ज्या आईने आपल्या नवऱ्याशिवाय मुलांना वाढवले आणि त्यांतील एक गमावले, तिच्या जागी उभे राहूनही हा प्रसंग पाहता येतो. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहात. घराकडे आणि बाहेरच्या कामाकडे एकाच वेळी पुरे पडता येत नाही, हा अनुभव तुम्हाला नवा नाही. तेव्हा या प्रश्नाचे घाईने उत्तर देऊ नका. दोन्ही बाजू ध्यानात घेऊन आपले मत बनवा. कीर्तनात हजारोंना हसवणाऱ्या माणसाने आपल्या वाट्याचे दुःख गजरात बुडवले, एवढे मात्र या प्रसंगावरून निश्चित म्हणता येते.

५.२.७ अखेरची वर्षे आणि वारसा

उत्तरायुष्यात गाडगे महाराजांनी शिक्षणावर अधिकाधिक भर दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याविषयी त्यांना विशेष आस्था होती. रयत शिक्षण संस्थेने कराड येथे १९५४ मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याला स्वतःला शाळा लाभली नाही, त्याच्या नावाने महाविद्यालय उघडले गेले. १९५२ मध्ये त्यांच्या कार्याच्या पुढील व्यवस्थेसाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. गो. नी. दांडेकर यांनाही तरुणपणी त्यांचा सहवास लाभला होता आणि त्यांनीही पुढे महाराजांवर लेखन केले.

शरीर थकले तरी भ्रमंती थांबली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत बांद्रा येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात गाडगे महाराजांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर वाटेवर असलेल्या या माणसाला मृत्यूही वाटेवरच आला.

आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. कीर्तन संपताच लोक पाया पडायला धावतील म्हणून ते अंधारातच निघून जात. तरीही त्यांचे नाव लोकांनी जपले. अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. १९७७ मध्ये राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांची भूमिका साकारली. या सर्वांत खराटा आणि गाडगे ठळकपणे दिसतात. कीर्तनकार म्हणून त्यांनी केलेली क्रांती मात्र त्यामानाने कमी अभ्यासली गेली आहे. स्वच्छतेचे प्रतीक म्हणून त्यांना वंदन करणे सोपे आहे. त्यांच्या प्रश्नांना आजच्या सभेत उत्तर देणे अवघड आहे.

५.३ सारांश

गाडगे महाराज यांनी कीर्तन या पारंपरिक प्रकारातील नामगजर आणि संतवचने कायम ठेवून त्याची बाकी रचना बदलली. पोथीऐवजी लोकांचे जगणे, निरूपणाऐवजी प्रश्नोत्तरे आणि ग्रंथभाषेऐवजी बोली त्यांनी वापरली. त्यांच्या विनोदाचे विषय त्यांच्या स्वतःच्या घरातील दारू, कर्ज, निरक्षरता आणि रूढी यांतून आले होते. विनोदाने श्रोत्याची समजूत हलवायची, गजराने त्याला समुदायात धरून ठेवायचे आणि अखेरीस कृतीकडे न्यायचे, असा त्यांच्या कीर्तनाचा क्रम होता. पंढरपूर, नाशिक यांसारख्या क्षेत्री उभ्या राहिलेल्या धर्मशाळा हा या कीर्तनाचाच पुढचा भाग होय. सार्वजनिक कार्य आणि कुटुंब यांतील ताण हा त्यांच्या जीवनातील अवघड प्रश्न असून त्याचा विचार अभ्यासकाने मोकळेपणाने करावा.

५.४ शब्दार्थ

निरूपण – विषय उलगडून सांगणे
आख्यान – कीर्तनात सांगितली जाणारी कथा
गजर – सर्वांनी मिळून मोठ्याने केलेला नामघोष
बिदागी – कलावंताला किंवा कीर्तनकाराला दिला जाणारा मोबदला
पटकी – दूषित पाण्यातून पसरणारा जुलाब-वांत्यांचा साथीचा रोग
दंडक – पाळावाच लागणारा नियम

५.५ स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१) गाडगे महाराजांच्या कीर्तनातील विनोद, संगीत आणि श्रद्धाचिंतन यांचे नाते सविस्तर स्पष्ट करा.
२) कीर्तन आणि जलसा हे लोकशिक्षणाचे दोन मार्ग होते. या विधानाची चर्चा करा.

आ) टिपा लिहा
१) गाडगे महाराजांचा वेश
२) चोखामेळा धर्मशाळा

इ) उपक्रम
तुमच्या गावातील किंवा परिसरातील एका कीर्तनाला उपस्थित राहा. कीर्तनकाराने श्रोत्यांना किती वेळा बोलते केले, विनोद कोणावर केला आणि हशा ओसरल्यावर काय सांगितले, याची नोंद करा. या नोंदीच्या आधारे दीड-दोन पानांचे टिपण तयार करून ते आपल्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात वाचून दाखवा.